बिडवे सरांचा फरक

मार्च सरत आला होता. नांदेडात भरदुपारी कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखालून बाहेर यायला तयार नव्हती, सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला होता, आणि शंकरप्पा बिडवे सरांच्या खात्यात दोन लाख चार हजार रुपये होते.

पहिल्या दोन गोष्टींचं कुणालाच नवल नव्हतं. तिसरीनं मात्र सर खुर्चीतून अर्धे उठले.

खरं तर त्यांनी बँकेचं ॲप उघडलं होतं ते कूलरला नवीन गवत बसवायला पैसे आहेत का, एवढंच बघायला. सरजाबाई, म्हणजे सासूबाई, ऑपरेशनसाठी रेणापूरहून येणार होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना धूळ-घाम लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं. उमा, सरांची बायको, तेव्हापासून बेडरूमच्या वरच्या भिंतीकडं टक लावून बघत होती. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला बायको भिंतीकडं बघताना तिथं काय टांगलेलं बघते, हे सांगावं लागत नाही. ती तिथं एसी बघत होती.

महिनाअखेरीला खात्यात चार हजार उरले, तर सर स्वतःला काटकसरी माणूस समजत. मग हे दोन लाख? त्यांनी चष्मा पुसला. मोबाईल पुसला. आकडा काही पुसला गेला नाही. ‘उपलब्ध शिल्लक’ असं वर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि हिरव्या अक्षरावर शंका घ्यायची सरांना सवय नव्हती.

अनुदानित कॉलेजातल्या मास्तरला खात्यात अचानक पैसा दिसला, तर त्याच्या डोक्यात एकच शब्द येतो. फरक. वेतन आयोग लागू होतो एका तारखेपासून आणि वाढीव पगार हातात पडतो कितीतरी नंतर. मधल्या काळातला जो पैसा सरकारकडं अडकून राहतो, तो फरक. तो हप्त्याहप्त्यानं येतो म्हणतात. कधी येतो ते कुणी म्हणत नाही. सरांच्या स्टाफरूममध्ये पोरांच्या मार्कांपेक्षा फरकावर जास्त चर्चा होई. तेव्हा सरांनी डोळे मिटले, गुरुस्वामींचं नाव घेतलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, “उमाऽ, फरक आला!”

आणि पुढं जे झालं ते सगळं या तीन शब्दांनी झालं.

एसी आणायचा म्हणजे दुकानात जायचं, पैसे द्यायचे आणि घरी यायचं, असं सरांना वाटत होतं. एसी घेऊन आलेल्या पोरानं मीटरची पेटी उघडली आणि “अरारारा” म्हणाला. वायर जुनी होती. वायर बदलायला आलेल्या माणसानं सांगितलं, की अर्थिंगच नाही. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला, तेव्हा नळाची लाईन फुटली. नळवाला आला, त्यानं खड्डा आणखी मोठा केला. शेवटी स्टॅबिलायझर घ्यावा लागला, कारण तो नसला तर गॅरंटी नाही, असं दुकानदार पैसे घेतल्यानंतर बोलला. सर प्रत्येक वेळी मोबाईल काढत, पैसे पाठवत आणि ‘उपलब्ध शिल्लक’ बघत. अजून लाखाच्या वरच होती. एवढी शिल्लक बघून माणसाचा आवाजसुद्धा बदलतो. सर नळवाल्याला म्हणाले, “पैशाचं टेन्शन घिऊ नका, काम पक्कं करा.” हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर निघालेलं नव्हतं.

सत्तरेक हजार गेले. भिंतीवर एसी लागला. सरजाबाई ऑपरेशन करून आल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी, काळा चष्मा, आणि त्या गार खोलीत जेमतेम चहा संपेपर्यंत बसल्या.

“उमे, हाडं गारठली गं माझी,” म्हणाल्या, आणि उशी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. ऑपरेशनचा डोळा बरा होईपर्यंतचे सगळे दिवस त्यांनी ओट्यावर काढले. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, हे त्या एका डोळ्यानं बघत होत्या. आत एसी कुणासाठी चालू होता, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही.

शेजारी मडिवाळप्पा राहत. एसटी डेपोतून रिटायर झालेले. डेपोत असताना त्यांनी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडायचा प्रयत्न केला, आता ते गल्लीतल्या माणसांवर नजर ठेवत. बाहेरच्या भिंतीवरचा तो पांढरा डबा बघून ते सकाळीच फाटकात उभे राहिले.

“सर, काय करून राहिलात? लॉटरी लागली का काय?”

“न्हाई हो. फरक आला,” सर म्हणाले. थोडं हळूच म्हणाले. पण मडिवाळप्पांच्या कानावर पडलेली गोष्ट हळू राहत नाही.

दोन दिवसांत ती कॉलेजात पोहोचली. सर स्टाफरूममध्ये शिरले तर सगळे खुर्च्या वळवून बसलेले. इतिहासाचे पवळे सर, रविकांत पवळे, शिक्षक संघटनेचे सेक्रेटरी. ते कधी साध्या आवाजात बोलत नसत. ‘चहा झाला का’ हेसुद्धा ते मागणीपत्र वाचल्यासारखं म्हणत.

“बिडवे सर! अभिनंदन! आपल्याला फरक मिळाला! पार्टी कुठंय?”

सरांनी भजी मागवली. चहा मागवला. जिलबी कुणी मागवली ते कळलं नाही, पण पैसे सरांनीच दिले. सगळ्यांनी पोटभर खाल्लं, हात धुतले, आणि मग पवळे सरांनी टेबलावर हात आपटून विचारलं, “आता सांगा, तुम्हालाच कसा आला? आम्हाला काहून न्हाई आला?”

सर म्हणाले, “येईल की. टप्प्याटप्प्यानं येत असंल.” पहिल्या टप्प्याचा मान आपल्याला मिळाला याचं त्यांना मनातून बरंच वाटत होतं. पण जिलबी खाणाऱ्यांच्या नजरा काही बऱ्या नव्हत्या.

सरांच्या संस्थेचं ऑफिस लातूरला होतं. तिची कॉलेजं नांदेडला होती, मुरुडला होती, आणखी दोन-चार गावांत होती, आणि सगळ्यांचे पगार लातूरच्या एकाच बँकेत होत. त्यामुळं बातमी जिकडं पगार जात होता तिकडं गेली. मुरुडचे मास्तर लातूरच्या ऑफिसात जाऊन बसले. “नांदेडच्या बिडवेला फरक मिळतो, आमचं काय चुकलं?” ऑफिसातल्या कुणालाच काही मालूम नव्हतं. सबब, नेहमी होतं तेच झालं. सरांच्या नावानं पत्र निघालं: आपणास फरकाची रक्कम कोणत्या आदेशान्वये व कोणाच्या मंजुरीने अदा झाली, याचा खुलासा तात्काळ सादर करावा.

‘तात्काळ’ हा शब्द सरांनी तीनदा वाचला. तीस वर्षांत त्यांनी कॉलेजातला खडूसुद्धा घरी आणला नव्हता. आणि आता ‘कोणाच्या मंजुरीने’?

त्याच आठवड्यात पगार पडला. पगार पडला असा मेसेज आला, म्हणून सरांनी ॲप उघडलं, आणि त्यांना पहिल्यांदाच दिसलं, की हिरव्या आकड्याच्या खाली एक लहान, लाल आकडा पण आहे. त्याच्या पुढं उणेचं चिन्ह होतं. पगार साठ हजारांच्या आसपास यायचा. आणि लाल आकडा सांगत होता, खात्यातील शिल्लक: उणे अकरा हजार आणि काही रुपये. वरचा हिरवा म्हणत होता, उपलब्ध शिल्लक: एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार.

“उमा, आपला पगार गेला,” सर म्हणाले.

उमानं मोबाईल हातात घेतला. वर बघितलं, खाली बघितलं.

“हे वरचं म्हणून राहिलंय आपण लखपती. खालचं म्हणतंय आपल्याजवळ काहीच न्हाई, उलट देणं हाय. मग आपण नेमकं हाव तरी कोण?”

त्याखालच्या ओळीत दीड हजारांच्या आतबाहेरची एक कपात होती. व्याज, फी, कर, अशी आखूड अक्षरं. आणि तिच्याही खाली एक शब्द होता, ‘ओडी’. तो वाचून सरांचा चेहरा कसा झाला, हे उमाला नीट दिसलं. पण का झाला ते कळायला तिला बराच वेळ लागला.

कारण बिडवे सर वाणिज्य शिकवत होते, आणि ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, पुस्तकात ज्याला अधिकर्ष म्हणतात. ‘अधिकर्ष सवलत म्हणजे काय?’ हा चार मार्कांचा प्रश्न ते इतक्या बॅचेसना लिहून देत आले होते, की फळ्याकडं न बघता त्यांचा हात तो लिही. ‘खातेदारास त्याच्या खात्यातील शिल्लक रकमेपेक्षा अधिक रक्कम काढण्याची बँकेने दिलेली परवानगी.’ पूर्णविराम. पुढचा प्रश्न. त्या पूर्णविरामाच्या पलीकडं काय असतं, परवानगीचे पैसे लागतात का, किती लागतात, कधी लागतात, हे एकाही पोरानं विचारलं नव्हतं आणि बोर्डानंही विचारलं नव्हतं. सरांनी स्वतःला तरी कशाला विचारावं?

फरक आलेलाच नव्हता. बँकेनं उसने दिलेले पैसे सरांनी भिंतीवर टांगले होते.

हे कुणाला सांगायचं? पवळेंना सांगितलं तर स्टाफरूम हसून मरेल. न सांगावं तर बिडव्यांनी कुणाला तरी पैसे चारून फरक काढला, असा संशय. वाणिज्याचा मास्तर एक तर बेअक्कल, नाही तर बेइमान. सरांना दोन्हीपैकी एकही पसंत पडेना. म्हणून त्यांनी तिसराच मार्ग धरला. मडिवाळप्पांचा सल्ला घेतला, आणि तोसुद्धा “माझ्या एका मित्राचं असं झालंय” म्हणून.

मडिवाळप्पांनी मित्राची सगळी हकिकत ऐकली, मित्राच्या घरच्या एसीकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, “तुमच्या मित्राला सांगा, पगार पडला रे पडला की त्याच दिवशी काढून घ्यायचा. पैसे खात्यात ठेवले की बँक कुरतडती. घरात डब्यात ठेवायचे. डब्याला व्याज लागत न्हाई.”

सरांना हे लगेच पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साठ हजार काढले. लाल आकडा पुन्हा सत्तरच्या पार गेला, पण ते पैसे निदान डोळ्यांसमोर होते. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, कॅरीबॅगेत गुंडाळून. त्या महिन्यात बिडव्यांच्या घरच्या नोटांनी दूधवाल्याचे, भाजीवाल्याचे हात पांढरे झाले.

आणि एप्रिल संपताना पुन्हा मेसेज आला. आठशेच्या वर व्याज.

“सगळे पैसे तर आपण घरी आणले!” सर मोबाईलला म्हणाले. “आता कशावर घेऊन राहिले व्याज?”

नांदेडच्या शाखेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, की ओडीचं सगळं लातूरला, तुमच्या मूळ शाखेत. “तिकडंच खुलासा होईल. आन सर, तुम्ही तर कॉमर्सचे. तुम्हाला मी काय सांगावं!”

सर सकाळच्या गाडीनं लातूरला गेले. जाऊन-येऊन तिकिटाचे, शिवाय अहमदपूरच्या चहाचे पैसे धरले तर महिन्याच्या व्याजाच्या निम्म्याहून जास्त पैसे तिथंच उडाले. पण हा हिशेब सरांनी मुद्दाम केला नाही. लातूरच्या शाखेत त्यांच्यासमोर आरती नावाची तरुण अधिकारी बसली होती. पदर खोचल्यासारखी झपाझप काम करणारी. तिनं खातं उघडलं आणि हसली.

“सर, हे तर तुम्हीच घेतलंय. मार्चमध्ये, ॲपवरून.”

“मी?”

“पूर्वमंजूर ऑफर आली असंल बघा. अभिनंदन म्हणून.”

सरांना आठवलं. मोबाईलवर फटाके फुटले होते. ‘अभिनंदन’ असं आलं होतं, आणि ते काही केल्या जाईना. बंद करायची फुली कुठं दिसेना. म्हणून सरांनी खालचं ‘मान्य’ दाबलं. पुन्हा काहीतरी आलं, पुन्हा ‘मान्य’. मग ओटीपी आला. ओटीपी आला की टाकायचा असतो, एवढं सरांना ठाऊक होतं. तो टाकला आणि फटाके एकदाचे गेले.

“बरं, यावर व्याज…” सर म्हणाले.

“डेली डेबिट बॅलन्सवर कॅल्क्युलेट होतं सर, मंथली अप्लाय होतं. लिमिट दोन लाख, त्यातलं युटिलाइज केलेलं तेवढंच. प्रोसेसिंग आणि जीएसटी वेगळा. बाकी तुम्ही कॉमर्सचे, तुम्हाला सांगायची काय गरज!”

“हां हां. म्हणजे काय, ते तर…” सरांनी मान हलवली. एक शब्द विचारला असता तर पुढचे चार शब्द सुटले असते. पण रांगेत मागं मुरुडचा एक ओळखीचा मास्तर उभा होता. सरांनी पुन्हा मान हलवली, आरतीनं पुढच्या माणसाला बोलावलं, आणि सर मोबाईल खिशात घालून बाहेर पडले. परतीच्या गाडीत त्यांना सारखं वाटत राहिलं, की सगळं समजलंय. फक्त नेमकं काय समजलंय, ते सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर उमानं विचारलं, “काय म्हणाले?”

“ते डेली प्रॉडक्टचं असतं,” सर म्हणाले आणि पेपर उघडला.

“म्हणजे?”

“म्हणजे डेली.”

उमानं आतून सरांचा मोबाईल आणला, त्यातून त्या शाखेचा नंबर काढला आणि तिथंच पलंगावर बसून फोन लावला. स्पीकर चालू केला. सरांनी पेपर तोंडावर जरा उंच धरला.

“मॅडम, मी बिडवे सरांची मिसेस. मला बँकेतलं काय बी कळत न्हाई. मला पहिल्यापासून सांगा, लहान पोराला सांगितल्यावाणी.”

पलीकडून आरतीचा आवाज हसला. “विचारा काकू.”

“ते दोन लाख आमचे का तुमचे?”

“बँकेचे, काकू.”

“मग आमच्या शिलकीत काहून दाखवून राहिलात?”

“तुम्हाला वापरता येतात, म्हणून दाखवतात.”

“मला शेजारणीची साखर बी वापरता येते. म्हणून मी ती माझ्या डब्यात मोजत न्हाई.”

बाहेर ओट्यावरून सरजाबाई म्हणाल्या, “बराबर हाय.”

“बरं, व्याज दोन लाखावर लावता का?”

“नाही. जेवढे उचलले तेवढ्यावरच. आणि जेवढे दिवस उचललेले राहतील तेवढेच दिवस. रोजच्या रोज आम्ही बघतो, खातं किती मायनसमध्ये आहे. त्यावर एका दिवसाचं व्याज धरतो. महिनाअखेर सगळ्या दिवसांची बेरीज करून कापून घेतो.”

“सत्तर हजाराचं दिवसाला किती?”

“सत्तावीस रुपयांच्या जवळपास.”

पेपरमागं सर हलले. सत्तावीस रुपये. झोपलं तरी, उठलं तरी, रविवारी कॉलेज बंद असलं तरी.

“मग पगार पडला की काय होतं?”

“तेवढा मायनस कमी होतो ना! पगार खात्यात राहिला असता, हळूहळू लागेल तसा काढला असता, तर एप्रिलचं व्याज बरंच कमी बसलं असतं. तुम्ही तर सगळाच लगेच काढलाय.”

उमानं पेपरकडं बघितलं. पेपर स्थिर होता.

“तो पिठाच्या डब्यात ठिवला व्हता,” ती म्हणाली.

“का हो?”

“व्याज लागू नये म्हणून.”

बहुतेक आरतीनं हसू दाबायला फोनवर हात ठेवला असावा. मग तिनं गंभीर आवाजात सांगितलं, की सुरुवातीची ती मोठी कपात म्हणजे फी आणि तिच्यावरचा कर; आणि दरवर्षी मुदत वाढवताना थोडी फी लागतेच, वापरा नाहीतर नका वापरू.

“न वापरता बी?”

“न वापरताही.”

“टक्का किती हाय व्याजाचा?”

“चौदा.”

“आन आमची एक लाखाची एफडी हाय तुमच्याकडं, तिच्यावर तुम्ही काय देता?”

“साडेसहा.”

सर ज्या पानाआड लपले होते, त्यावर सोन्याचे भाव होते. आपण बँकेला साडेसहानं पैसे दिलेत आणि तिच्याकडूनच चौदानं घेतलेत, हे त्यांना या क्षणी पहिल्यांदा, अगदी लख्ख कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

“मोडून टाका ती एफडी,” उमा म्हणाली. फोनवर म्हणाली, पण बघत सरांकडं होती. “थोडं व्याज बुडलं तर बुडू द्या. आधी ते लाल काढा.”

एफडी मोडली. लाल आकडा गेला. उमा सरांवर चिडली नाही, हे सरांना जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही विचारलं काहून न्हाई?”

पण खुलासा बाकी होता. ‘तात्काळ’ म्हणून मागितलेला. आणि तो कागदावर लिहायच्या आतच रविवारी दुपारी सगळी फौज दारात आली. पवळे सर पुढं, स्टाफरूममधले चारजण, आणि मुरुडहून दोघे. बाहेर ऊन आग ओकत होतं. सरजाबाईंनी ओट्यावरून त्यांना विचारलं, “आत लई गार हाय. स्वेटर आणलं का?”

सगळे बेडरूममध्ये, पलंगावर, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर बसले. एसीच्या समोरची जागा मुरुडवाल्यांनी धरली. पवळे सर उभे राहिले.

“बिडवे सर! आम्ही आपले दुश्मन नाही! पण हा तमाम शिक्षकांचा सवाल आहे! आपला फरक निघाला, तो कुणी काढला? त्या माणसाचं नाव सांगा! किती दिले तेवढं सांगा! आम्ही पण देऊ!”

‘किती दिले’ हे सरांच्या वर्मी लागलं. तोपर्यंत त्यांनी एक गोष्ट बनवून ठेवली होती, की चुकून जमा झाला, परत केला, विषय संपला. ती गोष्ट जिभेवर होती. उमा दारात उभी होती. तिनं काही खूण केली नाही. पण ‘विचारलं काहून न्हाई’ म्हणताना तिचा चेहरा जसा होता, तसाच आताही होता.

“मी कुणाला एक पैसा दिला न्हाई,” सर म्हणाले. “मला फरक आलेलाच न्हाई. ते बँकेचे पैसे व्हते. ओव्हरड्राफ्ट. मीच मोबाईलवर मान्य दाबलं आन मलाच कळलं न्हाई.”

मुरुडवाल्यांतला एक फसकन हसला, मग दुसरा, आणि मग सगळेच. गणिताचे सर सतरंजीवर आडवे झाले. “कॉमर्सचे सर! कॉमर्सच्या सरांना!” सर कान लाल करून बसून राहिले. हसू ओसरायला बराच वेळ लागला. ओसरल्यावर मात्र त्यांनी सगळं सांगितलं. हिरवा आकडा, लाल आकडा, रोजचे सत्तावीस रुपये, पिठाचा डबा, एफडी. डब्याच्या वेळी पुन्हा हशा झाला. पण रोजच्या व्याजाचं सांगताना कुणी हसलं नाही. गणिताच्या सरांनी तर उठून बसून बोटांवर काहीतरी मोजलं.

“म्हणजे,” मुरुडचे सर शेवटी म्हणाले, “फरक कुणालाच आलेला न्हाई?”

“कुणालाच न्हाई.”

“नक्की?”

“नक्की.”

मग त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते फरक मिळाला असता तरी पसरलं नसतं. कुणालाच आला नाही! उगीच महिनाभर झोप उडाली होती. कुणी सरांच्या पाठीवर थाप मारली, कुणी उमानं दिलेलं ताक दोनदा घेतलं. मुरुडवाले म्हणाले, ऑफिसला आम्हीच सांगतो, तुम्ही खुलाशाची फिकीर करू नका. आणि सगळे हसत, एकमेकांना टाळ्या देत, गेटबाहेर पडले.

पवळे सर गेले नाहीत. आधी ते चप्पल शोधत राहिले, मग ताक राहिलं म्हणाले, आणि मग खोलीत येऊन त्यांनी दार आतून लोटलं. महिनाभर सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला हा माणूस आता पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याचा आवाज ऐकायला बिडवे सरांना पुढं वाकावं लागलं.

“सर, माझ्या खात्यात बी आला व्हता.”

“काय?”

“फरक. म्हणजे मला वाटलं फरक. तुमच्या आधी आठ दिवस.” पवळ्यांनी मोबाईल काढून दाखवला. हिरवा आकडा मोठा, खाली लाल. लाल आकडा सरांच्यापेक्षा बराच लांब होता. “मला वाटलं, चुकून मलाच आला. बोललो असतो तर काढून घेतला असता. मग तुम्हाला बी आल्याचं कळलं. माझ्यावर कुणाचा डाऊट नगं, म्हणून मीच ओरडत सुटलो.”

“मग पैसे?”

“बुलेट घेतली.”

“कुठंय? मी तर बघितली न्हाई.”

“नांदेडात कशी आणू? लोक म्हणले असते, पैसे कुठून आले. हिमायतनगरला मेव्हण्याच्या गोठ्यात ठिवलीय, ताडपत्री टाकून. एकदा बी चालवली न्हाई, सर. तुम्ही मघाशी ते दिवसाचं काय म्हणाले, ते मला जरा परत सांगा. सगळ्यांपुढं विचारता येईना.”

बिडवे सरांनी खुर्ची पुढं ओढली. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणीतरी खरोखर कळून घ्यायला काही विचारत होतं. ते पहिल्यापासून सांगायला लागले, अगदी सावकाश, लहान पोराला सांगितल्यासारखं. रोज बघतात. जेवढं लाल, तेवढ्यावर. एका दिवसाचं.

“रोज?” पवळे म्हणाले.

“रोज.”

“बुलेट नुसती उभी असली तरी?”

“उभी असली तरी,” सर म्हणाले.